तुलाधाराचा तराजू आणि फुटलेली बरणी



आजचं वाचन महाभारताच्या शांतिपर्वातलं, तुलाधार आणि जाजली यांच्या संवादाचं. गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. जाजली हे मोठे तपस्वी. तपाला असे निश्चल उभे राहिले की पाखरांनी त्यांच्या जटेत घरटं बांधलं, अंडी घातली, पिल्लं मोठी होऊन उडूनही गेली. मग त्यांच्या मनात आलं, आता मला धर्म साधला. तेव्हा त्यांना ऐकू आलं की काशीच्या तुलाधाराची सर तुला अजून आलेली नाही. जाजली काशीला गेले आणि बघतात तर काय, तुलाधार म्हणजे दुकानात बसलेला एक वाणी! साली, लाकूड, सुगंधी द्रव्यं, नाना प्रकारचे रस असा माल दुसऱ्यांकडून घ्यायचा आणि कपट न करता विकायचा, हा त्याचा धंदा. जाजलींनी विचारलं, तुला हे ज्ञान मिळालं कुठून? तुलाधाराच्या उत्तराचा सारांश असा: कुणालाही शक्य तितकी कमी इजा होईल अशा रीतीनं मी पोट भरतो, आणि माझा तराजू सगळ्यांसाठी सारखा असतो.

एवढंच. पाखरांचं घरटं एका पारड्यात आणि समान तराजू दुसऱ्या पारड्यात, आणि तराजूचं पारडं जड!

आता आजचा प्रश्न. तुलाधाराचा तराजू विकणारा आणि घेणारा अशा दोघांच्या डोळ्यांसमोर असायचा. माल तोलला, दिला, घेतला, व्यवहार संपला. आपले व्यवहार असे राहिलेले नाहीत. विकणारा लातूरला, घेणारा पुण्याला किंवा नागपूरला, आणि मधले दोन-तीन दिवस माल दोघांच्याही नजरेआड. त्या दोन-तीन दिवसांत जे घडतं ते तोलायला तराजू कुठे लावायचा?

एक उदाहरण घेऊ. समजा लातूरच्या एक ताई घरी लोणचं करून ऑनलाइन विकतात. सोबत तूरडाळ आणि चिंचही पाठवतात. चौदाशे रुपयांची ऑर्डर आली. ताईंनी काचेच्या बरणीला कागद गुंडाळला, खोक्यात भुसा भरला, वरून चिकटपट्टी मारली. तीन दिवसांनी पुण्याहून मेसेज आला: "बरणी फुटलेली आली. तेल सगळ्या डाळीवर सांडलंय. पैसे परत करा." सोबत एक धूसर फोटो. कुरिअरवाले म्हणतात, खोकं बाहेरून ठीक होतं, घेणाऱ्यानं सही करून घेतलं.

या भांडणात गंमत अशी की तिघंही खरं बोलत असू शकतात. ताईंनी खरंच नीट बांधलं होतं. खोकं बाहेरून खरंच ठीक दिसत होतं. आणि आतली बरणी खरंच फुटलेली होती. कुणीच खोटं बोललेलं नाही, तरी चौदाशे रुपयांचं नुकसान समोर उभं आहे आणि ते कुणाच्या तरी पदरात पडणारच. मग कुणाच्या?

हा प्रश्न नवा नाही

आपल्याला वाटतं हे सगळं ॲप आणि कुरिअरच्या जमान्यातलं. पण आपल्या धर्मशास्त्रात वादाचे जे अठरा विषय सांगितले आहेत, त्यांत खरेदी-विक्रीचे वाद आहेतच. याज्ञवल्क्य स्मृतीचा व्यवहाराध्याय उघडून बघा. तिथे असा विचार केलेला दिसतो: विकलेला माल घेणारा मागत असताना विकणाऱ्यानं दिला नाही आणि मधल्या काळात राजाच्या किंवा दैवाच्या कारणानं माल बिघडला, तर नुकसान विकणाऱ्याचं. उलट, विकणारा द्यायला तयार असताना घेणाऱ्यानंच माल उचलला नाही, तर नुकसान त्याचं. आणि वाहून नेणाऱ्याच्या हातून माल गेला, त्याला ना राजा कारण ना दैव, तर भरपाई वाहून नेणाऱ्यानं करायची.

या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरांनी लिहिली ती कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळात. त्यानं १०७६ ते ११२६ राज्य केलं. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातलं. म्हणजे "माल वाटेत खराब झाला, आता काय?" या प्रश्नावर आपल्या शेजारीच नऊशे वर्षांपूर्वी बारकाईनं विचार चालला होता!

आजचा कायदाही फार वेगळ्या वाटेनं जात नाही. १९३० च्या माल विक्री कायद्याचा साधा नियम असा की वेगळं काही ठरलं नसेल तर मालकी ज्याची, जोखीम त्याची. पण त्यात एक सुंदर अट आहे. माल कसा आहे ते बघून त्याच्या वाहतुकीची योग्य व्यवस्था विकणाऱ्यानं केली पाहिजे. ती केली नाही आणि माल वाटेत बिघडला, तर घेणारा त्याला जबाबदार धरू शकतो. रस्त्यानं माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा वेगळा कायदा आहे. त्यात नुकसानीची लेखी सूचना बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते. आणि ऑनलाइन खरेदीसाठी २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत: सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा. कुणी दादच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

तेव्हा कायद्याच्या नजरेनं लातूरच्या ताईंना बहुतेक बरणी बदलून द्यावी लागेल किंवा पैसे परत करावे लागतील, आणि मग त्यांनी कुरिअरकडे भरपाई मागायची. इथवर ठीक. पण आपण सत्संगी माणसं. कायदा कुठे थांबतो आणि धर्म कुठे सुरू होतो, ते बघायला आपण बसलो आहोत.

अर्धापूरची केळी

आता बरणी सोडून जरा मोठ्या मालाकडे जाऊ. नांदेडहून थोडं पुढे गेलं की अर्धापूरचा केळीपट्टा लागतो. इसापूर धरणाच्या पाण्यावरच्या बागा आहेत या. इथली केळी ट्रकमध्ये भरून पार उत्तर भारतात जाते, हजार किलोमीटरहून जास्त लांब.

केळीचं एक वैशिष्ट्य आहे. ती हिरवी असताना कापतात, हिरवीच भरतात, आणि पोचल्यावर पिकवतात. भरताना घड आपटला, ट्रकमध्ये दाबला गेला, तर मार बसतो; पण हिरव्या सालीवर तो लगेच नीट दिसत नाही. फळ पिकलं की त्या जागी काळा डाग उमटतो. थंडी तेरा अंशांच्या खाली गेली तरी साल काळवंडते. म्हणजे इजा एका ठिकाणी होते आणि दिसते दुसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्याच दिवशी, दुसऱ्याच माणसाला.

अशा वेळी तिकडच्या व्यापाऱ्याचा फोन आला की "माल काळा निघाला, एवढे पैसे कापतो", तर इकडचा शेतकरी काय करणार? तो ट्रकसोबत गेलेला नाही. त्यानं डाग पाहिलेला नाही. फोन खरा असू शकतो. किंवा मधल्या चार दिवसांत तिकडचा भाव पडला असेल, आणि पडलेल्या भावाला "खराब माल" असं नाव मिळालं असेल. उलटही होतं हं. वरच्या थरात देखणी फळं आणि खाली बारकी, डागाळलेली लावून माल भरणारे आपल्याकडेही असतात. मग बिचारा वाहतूकवाला त्याचं खापर डोक्यावर घेतो.

१९३० च्या कायद्यात या बाबतीत एक बारीक भेद केलेला आहे. विकणाऱ्यानं अमुक गावापर्यंत स्वतःच्या जोखमीवर माल पोचवायचं कबूल केलं असलं, तरी प्रवासात जी झीज होणारच, ती वेगळं ठरलेलं नसल्यास घेणाऱ्यानं सोसायची. माझ्या मते ही ओळ नुसत्या कायद्याची नाही, विवेकाची आहे. कारण ती आपल्याला एकाच शब्दाचे तुकडे करायला लावते. "खराब झालं" हा एक शब्द, पण त्यात चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात: मालाच्या स्वभावानं झालेली झीज, बांधणाऱ्याची हयगय, नेणाऱ्याची हयगय, आणि बोलणाऱ्याचा स्वार्थ. पहिलीत दोष कुणाचाच नाही. चौथीत नुकसान झालेलंच नाही, नुसता दोष आहे. या चारांना एकाच पारड्यात टाकलं की तराजू मोडला म्हणून समजा.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक पद्धत असते. रात्री सर्व्हर बंद पडला की दुसऱ्या दिवशी सगळे बसतात आणि आधी फक्त "काय झालं, कधी झालं" एवढंच मिनिटा-मिनिटानं लिहून काढतात. "कुणामुळे झालं" हे तोंडातून काढायचंच नाही. कारण तो शब्द पहिल्यांदा आला की पुढचा तासभर प्रत्येक जण स्वतःचा बचाव करतो आणि खरं कारण तसंच पडून राहतं. मला ही पद्धत धार्मिक वाटते. जे घडलं ते आधी जसंच्या तसं पाहणं, हीच सत्याची पहिली पायरी.

मेसेज पाठवण्याआधी

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. त्याचा आशय असा की आपल्या बोलण्यानं समोरच्याचं मन पेटू नये, बोलणं खरं असावं, गोड असावं आणि त्याच्या हिताचंही असावं. वाचताना सोपं वाटतं. पण फुटलेली बरणी समोर ठेवून आणि हातात मोबाइल घेऊन हे पाळून बघा!

घेणाऱ्याचा पहिला मेसेज बहुतेक असा असतो: "तुम्ही लोक फसवता. रिव्ह्यू टाकतो बघा." यात खरं किती? बरणी फुटली हे खरं. "फसवता" हे त्याला माहीत नाही. तो त्याचा अंदाज. म्हणजे अर्धं सत्य आणि अर्धी धमकी. विकणाऱ्याचं उत्तर येतं: "आमच्याकडून माल ओके गेला होता." यातही खरं आहे, पण ते समोरच्याच्या काय उपयोगाचं? त्याच्या डाळीवर तेल आहेच.

तेच जरा वेगळं लिहून बघू. घेणारा: "ताई, आज पार्सल आलं. बाहेरून खोकं नीट आहे पण आतली बरणी फुटलीय. खोक्याचे आणि बरणीचे फोटो पाठवतोय. काय करता येईल?" विकणारी: "दादा, वाईट वाटलं. हाताला काच लागली नाही ना? ती डाळ खाऊ नका, काचेचा बारीक कण असू शकतो. खोकं टाकू नका, कुरिअरला दाखवावं लागेल. दुसरी बरणी परवा निघेल."

बघा, दुसऱ्या मेसेजमध्ये चारही गोष्टी आहेत. आणि "हाताला लागलं नाही ना" या चार शब्दांनी जे होतं ते कुठल्याच पॉलिसीनं होत नाही. समोर ऑर्डर नंबर नसून माणूस आहे, हे दोघांनाही एकदम आठवतं.

पण लोक फसवतात, त्याचं काय?

हा आक्षेप रास्त आहे. जुना फोटो पाठवून पैसे परत मागणारे आहेत. घरगुती धंदा करणाऱ्या बाईला महिन्यात असे चार जण भेटले तर तिचा नफा तिथेच संपला. मग भक्तानं भोळेपणानं सगळ्यांचं ऐकायचं का?

मला वाटतं, नाही. तुलाधार भोळा नव्हता. तो तोलत होता! विश्वास ठेवणारा माणूस तराजू फेकून देत नाही, तो सगळ्यांना एकाच तराजूनं तोलतो. पुरावा मागण्यात पाप नाही. पण तो प्रत्येकाकडून सारखा मागावा. गोड बोलणाऱ्याला फोटोशिवाय पैसे आणि तुसड्या माणसाला दहा प्रश्न, असं केलं की तराजू झुकला. पोहोचलेल्या गिऱ्हाइकाला लगेच परतावा आणि खेड्यातल्या, मराठीत चुकतमाकत लिहिणाऱ्या गिऱ्हाइकाला "बघतो" असं केलं, तर तो फारच झुकला.

नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिब आहे, जिथे १७०८ साली गुरू गोबिंदसिंगजींनी देह ठेवला. तिथे गेलात तर गुरू नानकदेवांची सुलतानपूरच्या मोदीखान्याची साखी जरूर ऐका. धान्य तोलताना 'तेरा' या आकड्यावर ते थांबायचे, कारण तेरा म्हणजे 'तुझं', सगळं त्या परमेश्वराचं. लोकांनी तक्रार केली की हा तर कोठार लुटवतोय. हिशेब तपासला, तो चोख निघाला! साखीतला हा शेवट आपण विसरतो. भाव भगवंताचा होता, आणि तरी वहीही जुळत होती.

माफ करायचं, पण कुणाच्या खिशातून?

आता सगळ्यात अवघड भाग. समजा ताईंनी मोठ्या मनानं म्हटलं, "जाऊ दे, पैसे परत करते." छान. पण ते पैसे आले कुठून? पॅकिंग करणाऱ्या मुलीच्या पगारातून कापले? पार्सल पोचवणाऱ्या पोराच्या नावावर दंड लावला? तिकडच्या व्यापाऱ्यानं आपल्या गिऱ्हाइकाला खूश केलं आणि तेवढे पैसे अर्धापूरच्या शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा केले? मग हे औदार्य नाही. हे नुकसान खाली ढकलणं आहे. पाण्यासारखं ते उतारानं वाहत जातं आणि जो सगळ्यात खाली उभा आहे, ज्याला फोन करून भांडता येत नाही, त्याच्या दारात साचतं.

इथे मला तुकोबारायांची आठवण येते. महिपतीबाबांनी भक्तलीलामृतात सांगितलेला प्रसंग आपल्याला माहीत आहे: तुकोबांनी लोकांकडच्या येण्याची खतं इंद्रायणीत बुडवली. पण आपण घाईत एक गोष्ट गाळतो. सगळी खतं बुडवली नाहीत! धाकट्या भावाचा, कान्होबांचा, अर्धा वाटा आधी त्याला काढून दिला आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली. विरक्ती पूर्ण होती, तरी दुसऱ्याच्या हक्काच्या कागदाला हात लावला नाही.

माफी देण्याचा अधिकार फक्त आपल्या वाट्यापुरता असतो, हे यातून मी शिकतो. कंपनीत बसून "कस्टमर खूश पाहिजे" म्हणत दुसऱ्याचा पगार कापणारा मॅनेजर उदार नाही. आणि आपल्या नफ्यातले दोनशे रुपये गेले तरी चालतील, पण पोचवणाऱ्या पोराचा दोष सिद्ध नाही तर त्याचं नाव मी कळवणार नाही, असं म्हणणारी ताई तुलाधाराच्या जवळ पोचलेली आहे.

हे घेणाऱ्यालाही लागू आहे. चौदाशेच्या ऑर्डरमध्ये बरणी तीनशेची होती, डाळीच्या दोन पिशव्यांपैकी एक सुरक्षित होती, चिंच कोरडी होती. मग "सगळे पैसे परत" असं म्हणायला धर्म आड येतो. जेवढं गेलं तेवढंच मागावं. फुकट मिळालेली चिंच आंबट लागते, मंडळी!

उरतं ते दैव

एवढं सगळं तोलूनही कधी कधी दोष कुणाचाच निघत नाही. रस्ता खराब होता, पाऊस झाला, बरणीच्या काचेत मुळातच तडा होता. शास्त्रकार त्याला दैव म्हणाले. मग ते नुकसान कुणाचं?

मला पटलेलं उत्तर असं: दैवाचं नुकसान कुणाच्या वाट्याला जाणार, हे दैव येण्याआधी ठरवून ठेवणं हा धर्म. "काच फुटली तर बदलून देऊ, एका दिवसात कळवा" हे विकतानाच लिहून ठेवलं की पुढे भांडणाला जागाच कमी राहते. "पिकल्यावर शेकडा इतका डाग धरून चालू, त्यावर गेला तर दोघांनी बघायचं" हे ट्रक भरतानाच बोलून घेतलं की फोनवरच्या शब्दाला वजन येतं. नुकसान झाल्यावर ठरवायला बसलो तर प्रत्येकाला आपलीच बाजू दिसते. आधी ठरवताना आपण विकणारे असू की रडणारे हे माहीत नसतं, म्हणून तेव्हाच तराजू सगळ्यात सरळ असतो.

आणि जिथे काहीच ठरलेलं नव्हतं, तिथे ज्याला ते नुकसान कमी टोचेल त्यानं थोडं जास्त उचलावं. हा कायदा नाही, कुणावर सक्ती नाही. पण तुलाधार म्हणतो ना, शक्य तितकी कमी इजा. चौदाशे रुपये पुण्यातल्या पगारदाराला एका रविवारच्या जेवणाएवढे असतील. ताईंच्या घरात तो आठवड्याचा किराणा असू शकतो. कधी उलटही असेल. विचारल्याशिवाय कळत नाही, म्हणून विचारावं.

आजचा संकल्प: पुढच्या वेळी काही तुटलेलं, सांडलेलं, उशिरा आलेलं पार्सल हातात पडलं, तर मेसेज टाइप करण्याआधी एकदा नाम घ्यायचं आणि तीन गोष्टी वेगळ्या लिहायच्या: मी काय पाहिलं, मला काय वाटतं, मला काय हवं. "वाटतं" ची ओळ पाठवायची नाही. बाकीच्या दोन पाठवायच्या, आणि सुरुवातीला दादा किंवा ताई लिहायचं.

जाजलींना जे जटेत पाखरं वाढवून मिळालं नाही, ते तुलाधाराला दुकानात मिळालं. आपलं दुकान म्हणजे सध्या हा मोबाइल. तराजू तोच आहे.

उद्या याच संवादाचा पुढचा भाग वाचू. तुम्हाला असा काही अनुभव आला असेल तर नक्की कळवा, फक्त दुकानाचं किंवा माणसाचं नाव न घेता.

राम कृष्ण हरि!